नेम कुठे धरायचा, कुठे नाही

कानशिलापासून गळ्याखालच्या हाडापर्यंत वीत-दीड वीत अंतर. एवढ्याशा जागेत माणूस श्वास घेतो, चावतो, गिळतो, बोलतो, गातो, चव घेतो. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या इथूनच वर जातात आणि मज्जारज्जू इथूनच खाली उतरतो. चेहराही इथलाच, आणि तो कपड्याखाली झाकता येत नाही. तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र यांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना या वीत-दीड वितीत काम करायचं असतं. गाठ गेली आणि माणसाला घोटभर पाणी गिळता येईना, तर त्या यशाचं रुग्णानं काय करायचं, हा प्रश्न या उपचाराला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

हे पुस्तक त्या उपचारातल्या एका भागाचं, किरणोपचाराचं आहे. कुणी त्याला रेडिएशन म्हणतं, कुणी ‘लाइट घेणं’ म्हणतं, कुणी शेक. त्यातही पुस्तकाचा भर आहे तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रुळलेल्या नेमक्या किरणोपचारावर, म्हणजे गाठीला पुरेपूर मात्रा द्यायची आणि शेजारच्या निरोगी अवयवांना जमेल तितकं वगळायचं, या पद्धतीवर. मराठीत याविषयी जे थोडं लिहिलं गेलं आहे त्यातलं बरंचसं एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं आहे किंवा रुग्णालयांच्या जाहिरातपत्रकांतलं. घरात ज्याचा रिपोर्ट आला आहे अशा माणसासाठी सरळ भाषेतलं पुस्तक हवं होतं.

ते मराठीत हवं होतं याला कारण आहे. भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे देशात वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण निघतात. घशाचे आणि स्वरयंत्राचे रुग्ण याखेरीज. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, जिथे तिथे तंबाखू-चुना, दात घासायच्या निमित्तानं बायकांच्या तोंडात गेलेली मिश्री. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर पुडी मिळते. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही घ्यावं लागलं, हे त्यांनी जाहीर सभांतून, तंबाखूच्या सवयीसकट, पुन्हापुन्हा सांगितलं आहे. आपल्याकडे पुढारी माणूस आजार लपवतो. त्या मानानं हे सांगणं मोलाचं होतं.

आता किरणांकडे. १८८६ साली रामकृष्ण परमहंस घशाच्या कर्करोगानं गेले, तेव्हा या रोगावर वैद्यांच्या आणि डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. नऊ वर्षांनी, १८९५च्या नोव्हेंबरात, जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म रॉन्टजेन यांना क्ष-किरण सापडले. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं. या दोन्हींनी कातडी भाजते हे लगेच लक्षात आलं आणि जे कातडी भाजतं ते गाठही भाजून काढेल, असा सरळ हिशेब मांडला गेला. हिशेब फार सरळ होता. इटलीचे संगीतकार जाकोमो पुचिनी यांच्या घशातल्या कर्करोगावर १९२४ मध्ये ब्रसेल्सला रेडियमच्या सुया खुपसून उपचार झाले. सुया घातल्यावर काही दिवसांतच हृदय बंद पडून ते गेले, ‘तुरांदोत’ ही संगीतिका अपुरी ठेवून. त्या काळातला उत्तमातला उत्तम उपचार तो हाच.

मात्र त्याच वर्षांत पॅरिसच्या रेडियम संस्थेत वेगळा विचार चालला होता. क्लोदियस रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणांवर प्रयोग केले. तिथल्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून कर्करोगाच्या जागी त्यांनी त्या धरल्या. एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर कातडी जबर भाजायची आणि तरी पेशी पूर्णपणे निकामी होतीलच असं नसायचं. तीच मात्रा दिवसांवर वाटून दिली की पेशी निकामी होत आणि कातडी वाचत असे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हे माणसावर, नेमक्या घशाच्या आणि स्वरयंत्राच्या रुग्णांवर करून पाहिलं. रोज थोडे किरण, कित्येक आठवडे. १९२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी बरे झालेले रुग्ण दाखवले. स्वरयंत्र न कापता घशाचा कर्करोग बरा होऊ शकतो, हे जगानं पाहिलं. शंभर वर्षांत यंत्रं बदलली, संगणक आले, पण ‘रोज थोडं’ हा नियम आजही सुटलेला नाही.

त्यामागचं शास्त्र थोडक्यात असं. किरणांनी पेशीतल्या डीएनएला तडे जातात. निरोगी पेशी दोन मात्रांमधल्या वेळात ते बऱ्यापैकी सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला हे काम तितकं नीट जमत नाही, आणि ती विभागायला गेली की मरते. म्हणून सर्वसाधारणपणे दिवसाला २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), आठवड्यातून पाच दिवस, अशा ३५ बैठकांत ७० ग्रे देतात. शस्त्रक्रियेनंतर द्यायचे असतील तर बहुधा ३० बैठकांत ६०. रुग्ण विचारतो, ‘एकदाच काय ते देऊन टाका ना, रोज कशाला बोलावता?’ रेगोंच्या मेंढ्यांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे.

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० वापरणारी यंत्रं आली आणि किरण कातडीला फारसं न भाजता खोलवर पोचू लागले. आपल्याकडे मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं होतं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. देशातल्या किरणोपचाराचा पाया मुख्यतः तिथे रचला गेला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रानं ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्रही तयार केलं. या यंत्रांनी हजारो माणसं वाचवली. कोबाल्टला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तरीही कोबाल्टच्या काळातल्या पद्धतीची एक किंमत होती. डाव्या आणि उजव्या गालाकडून समोरासमोर दोन रुंद झोत सोडायचे, त्यांच्या मधल्या पट्ट्यात गाठही येते आणि मानेतल्या गाठीही. त्याच पट्ट्यात कानाच्या पुढ्यातल्या दोन्ही मोठ्या लाळग्रंथीही सापडायच्या. गाठ जायची, लाळ कायमची आटायची. ज्याच्या तोंडात लाळ आहे त्याला हे केवढं दुःख आहे ते कळणं कठीण. भाकरीचा घास पाण्याशिवाय खाली उतरत नाही. रात्री दर दोन तासांनी जीभ टाळ्याला चिकटून जाग येते आणि उशाशी पाण्याची बाटली लागते. तिखटाचा कण सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत बसावंसं वाटत नाही, कारण प्रत्येक घासाला पाणी पिणाऱ्याकडे लोक बघतात. लाळ दातांचं रक्षण करते. ती गेली की दात हिरडीपाशी किडून मोडतात. मग असा दात उपटला आणि किरण खाल्लेल्या जबड्याची जखम भरली नाही, तर हाडच सडत जातं. कर्करोगातून बरा झालेला माणूस दहा वर्षांनी जबड्यासाठी रुग्णालयात येऊन बसलेला, असं चित्र किरणोपचार विभागांना नवं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, जीव वाचला. रुग्णाला ते मान्य असायचं आणि तरी रोज दोन वेळा जेवायला बसावं लागायचं.

नेमक्या किरणोपचाराचा जन्म या जेवणाच्या पानावरून झाला असं मी मानतो. गाठ अधिक मारायची म्हणून नव्हे, तर लाळग्रंथी, मज्जारज्जू, गिळण्याचे स्नायू सोडायचे कसे, या विवंचनेतून.

त्याची युक्ती अशी. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर हे यंत्र रुग्णाभोवती फिरतं आणि अनेक दिशांनी झोत सोडतं. झोताच्या वाटेत टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या जोड्या असतात. त्या क्षणाक्षणाला आत-बाहेर सरकून झोताचा आकार आणि जोर बदलतात. शेतात चार बाजूंनी पाट काढून एकाच वाफ्यात सोडावेत, पाटात पाणी घोट्याएवढंच असावं आणि वाफ्यात मात्र गुडघाभर भरावं, तसं हे आहे. प्रत्येक दिशेचा झोत अशक्त, पण ते जिथे एकमेकांना मिळतात तिथे मात्रा पुरेपूर. पट्ट्या कधी, किती सरकवायच्या हे माणसाला हातानं ठरवता येणं अशक्य. म्हणून उलटं गणित करतात. डॉक्टर संगणकाला सांगतात, गाठीला ७० ग्रे हवेत, मज्जारज्जूला कुठेही ४५-५० च्या वर जाता कामा नये, लाळग्रंथीला सरासरी २६ च्या आत ठेव. संगणक वाटा शोधतो. हा २६ चा आकडा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या अ‍ॅव्हरॅम आइसब्रुख आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रुग्णांची लाळ प्रत्यक्ष मोजून काढला होता. तेवढ्या मात्रेच्या आत राहिलेली ग्रंथी पुढच्या महिन्यांत बरीचशी सावरते.

पुरावा काय, असं विचारणाऱ्या वाचकासाठी दोन-तीन अभ्यास सांगतो. ब्रिटनमध्ये घशाच्या कर्करोगाच्या ९४ रुग्णांवर झालेल्या ‘पारस्पोर्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतर वर्षानं त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीच्या गटात ७४ टक्क्यांना होता, नव्या पद्धतीच्या गटात ३८ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी टाटा रुग्णालयातल्या तेजपाल गुप्ता, जयप्रकाश अगरवाल आणि सहकाऱ्यांनी आपल्याच ६० रुग्णांवरची तशी चाचणी प्रसिद्ध केली. लाळग्रंथींचा मध्यम किंवा त्याहून अधिक त्रास ८९ टक्क्यांवरून ५९ वर आला. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्याच गटानं ११२ रुग्णांवर दाखवलं की गिळण्याचे स्नायू वगळून आखणी केली तर वर्षानंतरही गिळणं अधिक चांगलं राहतं.

या आकड्यांत एक गोष्ट नाही, आणि ती जाहिरातींत मात्र हमखास असते. नव्या पद्धतीनं जास्त लोक बरे झाले, असं या चाचण्यांनी दाखवलेलं नाही. बरं होण्याचं प्रमाण साधारण तेच राहिलं, बरं झाल्यावरचं आयुष्य सुधारलं. मला हे कमी वाटत नाही. पण कुणी ‘नवं यंत्र, खात्रीचा इलाज’ असं सांगत असेल तर तिथून उठावं.

आता या प्रस्तावनेतला माझा मुख्य मुद्दा. नेमकेपणा यंत्रात आहे अशी आपली समजूत आहे. यंत्र सांगितलं तिथे मारतं. ‘तिथे’ म्हणजे कुठे, हे माणूस ठरवतो, आणि तेही संगणकापुढे बसून, सीटी स्कॅनच्या अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या एकेका चकतीवर, हातानं रेघा ओढून. गाठ इथवर. जिथे डोळ्याला दिसत नाही पण रोगाच्या पेशी असू शकतात तो भाग इथवर. मानेतल्या लसीका ग्रंथींचे हे टप्पे घ्यायचे, हे सोडायचे. मग रुग्ण हलेल-डुलेल म्हणून तीन ते पाच मिलिमीटरची सूट. मग लाळग्रंथी, जबडा, स्वरयंत्र, अन्ननलिका, मेंदूचा देठ, सगळ्यांच्या वेगवेगळ्या रेघा. एका रुग्णाला तास-दोन तास सहज जातात. रेघ आत ओढली तर रोग सुटतो, बाहेर ओढली तर लाळग्रंथी जाते. जुन्या रुंद झोतात डॉक्टरांची छोटी चूक झाकली जायची, कारण सगळंच भाजलं जायचं. नव्या पद्धतीत कडा इतक्या तीव्र असतात की चुकीला आसरा उरत नाही.

हे किती महागात पडतं ते अनेक देशांत मिळून झालेल्या एका औषधचाचणीनं अनपेक्षितपणे उघड केलं. चाचणी होती टिरापाझामिन नावाच्या औषधाची. औषध निरुपयोगी ठरलं. पण ऑस्ट्रेलियातले लेस्टर पीटर्स आणि सहकाऱ्यांनी सर्व रुग्णांच्या किरणोपचाराच्या आखण्या तपासल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या आखणीत गंभीर दोष होते त्यांच्यापैकी दोन वर्षांनी निम्मे जिवंत होते, ज्यांची आखणी नीट होती त्यांच्यापैकी ७० टक्के. वीस टक्क्यांचा फरक! आजवर कुठल्याही नव्या औषधानं या रोगात एवढा फायदा दिलेला नाही. किरणांसोबत केमो दिल्यानं पाच वर्षांत मिळणारा फायदा साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि तोही आपण आनंदानं स्वीकारतो. असे दोष सर्वाधिक कुठे आढळले? ज्या केंद्रांनी चाचणीत मोजकेच रुग्ण पाठवले होते तिथे. ज्याचा हात रोज या कामात आहे त्याच्या रेघा सरळ येतात. म्हणून ‘तुमच्याकडे कुठल्या कंपनीचं मशीन आहे?’ यापेक्षा ‘तुम्ही वर्षाला तोंडा-घशाचे किती रुग्ण करता, आणि आखणी दुसरे डॉक्टर तपासतात का?’ हा प्रश्न रुग्णाच्या हिताचा आहे. विचारायला संकोच वाटतो, मान्य. तरी विचारावा.

एवढी बारीक आखणी रोज तंतोतंत उतरायची तर डोकं रोज त्याच जागी हवं. त्यासाठी मास्क करतात. जाळीदार प्लॅस्टिकचा तक्ता गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ओढून बसवतात, काही मिनिटांत तो त्या आकारात घट्ट होतो. मग रोज तो मास्क टेबलाला खिळवून आत निजायचं. त्रास काही होत नाही, किरण जाणवतही नाहीत, पण कोंडल्यासारखं होतं. काहीजण घाबरतात, पहिल्या दिवशी रडतातही. हे आधी सांगितलेलं असलं की भीती निम्मी होते. आणखी एक सांगायला हवं. यंत्र बंद झालं की किरण संपले. रुग्णाच्या अंगात काही उरत नाही, त्याच्या अंगातून काही बाहेर पडत नाही. नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवणाऱ्या घरांनी तर हे दोनदा वाचावं.

उपचाराचे दिवस कसे जातात यावर पुस्तकात सविस्तर आहे, मी फक्त क्रम सांगतो. पहिला आठवडा सोपा जातो, आणि माणूस फसतो. दुसऱ्यात चव जाते, लाळ चिकट होते. तिसऱ्यापासून तोंड येतं, म्हणजे आपलं नेहमीचं तोंड येणं नव्हे, आतली सगळी त्वचा सोलल्यासारखी. चौथ्या-पाचव्यात मानेची कातडी काळवंडते. वजन उतरतं. ते फार उतरलं तर मास्क सैल होतो, चेहऱ्याचा आकारच बदलतो, आणि सगळी आखणी नव्यानं करावी लागते. म्हणून नाकातून नळी घालून अन्न देण्याचा सल्ला मिळाला तर तो हार मानल्यासारखा घेऊ नये. शेवटच्या बैठकीनंतर लगेच बरं वाटेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. उलट पुढचे एक-दोन आठवडे सर्वांत वाईट. मग हळूहळू उतार. चव परतायला महिने लागतात, लाळेला वर्ष-दोन वर्षं. जबड्याचे आणि मानेचे व्यायाम पुढेही चालू ठेवायचे. सुपारीनं ज्यांचं तोंड आधीच जेमतेम बोटभर उघडतं त्यांना तर ते चुकवून चालतच नाही. थायरॉइडची तपासणी वर्षानुवर्षं करत राहायची, कारण ती ग्रंथीही याच वाटेवर आहे आणि उशिरा मंदावते.

आणि खंड. नेमकेपणावर पाणी पाडणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच आपल्याकडे सर्वांत हलक्यानं घेतली जाते. उपचार तीनेक आठवडे चालला की वाचलेल्या कर्करोगपेशी जास्त वेगानं वाढू लागतात. त्यानंतर ठरलेल्या मुदतीपेक्षा उपचार लांबला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता दिवसाला साधारण एक टक्क्यानं, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त, घटते. तिसऱ्या आठवड्यातच तोंड येतं आणि माणूस म्हणतो, चार दिवस गावाला जाऊन येतो. गणपतीत घरी गेलेला रुग्ण अनंत चतुर्दशीनंतर परततो. सोयाबीन काढायला आलं म्हणून कुणी थांबतं. कधी दोष रुग्णाचा नसतोच. यंत्र बंद पडतं, पुढची तारीख मिळत नाही, मुंबईत सात आठवडे राहायला जागा नसते. परळच्या पदपथावर संसार मांडून राहणारी कुटुंबं कुणी हौसेनं तिथे येत नाहीत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना वर्षानुवर्षं आसरा देते आहे. माझ्या मते तिथली एक खोली हा किरणोपचाराचाच भाग आहे, आणि सरकारी हिशेबात तिला यंत्राच्या सुट्या भागाइतकं तरी स्थान असावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा खर्च बसतो, राहण्याचा आणि रोजच्या प्रवासाचा प्रश्न मात्र उरतोच. जिल्ह्याच्या गावी यंत्रं आणणं हा त्याचा खरा उपाय. त्याला पैशाबरोबर प्रशिक्षित माणसंही लागतात, विशेषतः वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, ज्यांचं नावही बहुतेक रुग्णांना ठाऊक नसतं. पट्ट्या ठरल्याप्रमाणे सरकताहेत आणि मात्रा तेवढीच पडते आहे, हे रुग्ण टेबलावर निजण्याआधी तपासणारे ते हेच.

किरणोपचार प्रत्येकाला पहिला उपाय म्हणून लागू नसतो, हेही स्पष्ट करायला हवं. गालाच्या आतला, हिरडीचा, जिभेचा कर्करोग, म्हणजे आपल्याकडे तंबाखूमुळे होतो तो, शस्त्रक्रियेनं काढता येण्यासारखा असेल तर आधी शस्त्रक्रियाच. किरण नंतर, गरज असेल तर. ऑपरेशनची भीती म्हणून ‘डॉक्टर, लाइटवरच भागवा’ असा आग्रह धरणं घातक आहे. स्वरयंत्र आणि घशाच्या खालच्या भागाची गोष्ट वेगळी. स्वरतंतूवरचा अगदी लहान कर्करोग नुसत्या किरणांनी दहापैकी सुमारे नऊ जणांत आटोक्यात येतो. वाढलेल्या स्वरयंत्राच्या कर्करोगातही, अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत ३३२ रुग्णांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं, केमो आणि किरण देऊन ६४ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र वाचवता येतं आणि जगण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेइतकंच राहतं, हे दाखवून दिलं. कुतार यांच्या कामाचा धागा इथवर आला.

केमोबद्दल टाटा रुग्णालयाचंच काम जगभर वाचलं गेलं. किरणांसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दर आठवड्याला थोडं द्यावं की तीन आठवड्यांतून एकदा मोठ्या मात्रेत, असा वाद होता. वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर चाचणी केली. २०१८चे निष्कर्ष असे की दोन वर्षांनी रोग तोंडा-मानेत आटोक्यात असण्याचं प्रमाण मोठ्या मात्रेच्या गटात ७३ टक्के, आठवड्याच्या गटात साडेअठ्ठावन्न. मोठ्या मात्रेचा त्रास अधिक होता, हेही त्यांनी लपवलं नाही.

प्रोटॉनच्या किरणोपचाराविषयी लोक फार विचारतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडे जात नाहीत, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या काही गाठींत आणि लहान मुलांत त्यांचा उपयोग स्पष्ट आहे. खारघरला टाटा केंद्राचं प्रोटॉन यंत्र २०२३ पासून चालू आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण गालाच्या कर्करोगाच्या सर्वसाधारण रुग्णानं त्यासाठी जमीन विकू नये. जवळच्या चांगल्या केंद्रात, साध्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर, नीट आखलेले आणि एकही दिवस न चुकता घेतलेले किरण त्याच्या जास्त कामाचे आहेत.

तंबाखूबद्दल या पुस्तकात उपदेश नाही, आणि ते मला आवडलं. एक गोष्ट तेवढी आहे. उपचार चालू असताना बिडी-सिगरेट ओढत राहणाऱ्यांत किरणांचा परिणाम कमी होतो, हे १९९३ पासून छापील आहे. रोग झालाच आहे, आता सोडून काय उपयोग, असं म्हणणाऱ्याला दाखवायला ते पान खुणेचा दोरा घालून ठेवावं.

पुस्तक सुरुवातीपासून ओळीनं वाचायला हवं असं नाही. ज्याचा रिपोर्ट नुकताच आला आहे त्यानं शस्त्रक्रिया आणि किरण यांतल्या निवडीचं प्रकरण आधी घ्यावं. सोबत राहणाऱ्या नातेवाइकानं आहाराचं आणि नळीचं. आणि ज्याच्या बैठका पुढच्या पंधरवड्यात सुरू व्हायच्या आहेत त्यानं ही प्रस्तावना इथेच मिटून दातांचं प्रकरण उघडावं आणि आजच दंतवैद्याची वेळ घ्यावी. काढायचे दात किरण सुरू होण्याआधीच काढावे लागतात, आणि ती जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात.